सहीचा अधिकार

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, ‘नवं नेतृत्व’. राजकारणावर, सहकारावर, साहित्य संस्थांवर लिहिणारे लेखक त्यांच्याकडे पुष्कळ आहेत. मला दुसरीच खुर्ची बघायची होती. दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या संस्थेत अध्यक्ष बदलतो, कार्यवाह बदलतो, नवं विश्वस्त मंडळ येतं, हारतुरे होतात. ज्यांच्यासाठी ही संस्था आहे त्यांच्या हाती तेव्हा नेमकं काय येतं? चेकवर सही कोण करतं? सभेचे कागद कोणाला वाचता येतात? वर्षानुवर्षं ‘लाभार्थी’ म्हणून ज्यांची नोंद झाली, ती माणसं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला कधी बसतात?

हे बघायला मी पनवेल निवडलं. हार्बर लाइन इथे संपते आणि कोकणाची वाट इथून सुरू होते. एका अंगाला खारघर, कामोठे, कळंबोलीचे टॉवर; दुसऱ्या अंगाला कर्नाळ्याच्या आणि माथेरानच्या पायथ्याच्या ठाकूर-कातकरी वाड्या. महापालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ ला, रायगड जिल्ह्यातली पहिली. डोळ्यांची मोठी रुग्णालयं या गावात आहेत. आणि ज्यांच्यापुढे कुठल्याच रुग्णालयाचा इलाज उरलेला नाही, अशी माणसंही रोज सकाळी इथूनच लोकल पकडतात.

नजर परत येते तिथे

पनवेलमध्ये डोळ्यांच्या रुग्णालयाचा विषय काढला की जुन्या गावातली माणसं आधी डॉ. सुहास हळदीपूरकरांच्या लक्ष्मी आय इन्स्टिट्यूटचं नाव घेतात. नवीन पनवेलमधली माणसं शंकरा रुग्णालयाकडे बोट दाखवतात. डॉ. आर. व्ही. रमणी आणि डॉ. राधा रमणी यांनी १९७७ साली कोइंबतूरला सुरू केलेल्या शंकरा परिवाराचं हे महाराष्ट्रातलं रुग्णालय. त्याच्या नावातलं ‘आर. जे.’ राकेश झुनझुनवाला यांचं. शंकराचा हिशेब साधा आहे. ऐपत असलेल्यांकडून पैसे घ्यायचे आणि त्या बळावर गावाकडच्या गरिबांच्या शस्त्रक्रिया फुकट करायच्या. दर शंभरातले ऐंशी फुकट, वीस पैसे देणारे, हे त्यांचं ठरलेलं प्रमाण.

अशा ठिकाणी गावाकडून बस येते ते दृश्य कोणीही जाऊन बघावं. पंधरवड्यापूर्वी गावात शिबिर झालेलं असतं. शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर तक्ता लावून, बॅटरीच्या उजेडात मोतीबिंदू हेरलेले असतात. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी तक्त्यावर चारी दिशांना तोंड केलेला एकच आकार असतो. त्याची बोटं कुठल्या बाजूला आहेत तेवढं हाताने दाखवायचं. नावं लिहिली जातात, बसचा दिवस ठरतो. बसमधून लुगड्यातल्या म्हाताऱ्या आणि टोपीवाले म्हातारे उतरतात, पिशवी छातीशी धरून. रक्तदाब, साखर, भिंगाचं माप असे टप्पे होतात. ज्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे त्याच्या वर कपाळावर खूण केली जाते, म्हणजे टेबलावर घोळ व्हायला नको. शस्त्रक्रियेला लागतात काही मिनिटं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघते, काळे चष्मे चढतात आणि बस परत गावाकडे निघते.

हे काम किती मोठं आहे ते आकड्यांवरून कळतं. आंधळेपणाच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम भारताने १९७६ सालीच हाती घेतला. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या पुढच्या लोकांतलं ६६.२ टक्के अंधत्व एकट्या मोतीबिंदूमुळे असल्याचं दिसलं. म्हणजे तीनातल्या दोघांचा अंधार एका बसफेरीने आणि एका भिंगाने हटू शकतो. उरलेल्यांत ज्यांचं बुबुळ पांढरं पडलं आहे त्यांना नेत्रदानाचा आधार आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पारपटल काढावं लागतं. तोवर घरच्यांनी पंखा बंद ठेवायचा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. लक्ष्मीसारखी नेत्रपेढी ज्या भागात असते, तिथे घरातलं रडणं चालू असताना कोणीतरी शेजारी हे सगळं आठवून फोन करतो. नेत्रदान असं चालतं. त्यात डॉक्टरइतकाच त्या शेजाऱ्याचा वाटा असतो.

अशा रुग्णालयांची धुरा डॉक्टरांकडे असते आणि ते योग्यच आहे. माझा प्रश्न सुरू होतो तो रुग्णालयाच्या दाराबाहेर.

‘आता करण्यासारखं काही नाही’

काचबिंदूने नस वाळली असेल, मधुमेहाने पडद्याची चाळण झाली असेल, जन्मतःच पडदा झिजणारा आजार असेल, तर डॉक्टर एक दिवस हे वाक्य बोलतात. वैद्यकीय अर्थाने ते खरं असतं. पण ऐकणारा माणूस पंचेचाळीस वर्षांचा असतो, तळोज्याच्या एखाद्या कारखान्यात सुपरवायझर असतो, मुलगी बारावीला असते. करण्यासारखं सगळं त्याच्यासाठी त्या दिवसापासून सुरू व्हायला हवं. आणि नेमकं तिथूनच त्याला सांगणारं कोणी उरत नाही.

पहिली पायरी प्रमाणपत्राची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार चांगल्या डोळ्याची दृष्टी, चष्मा लावूनही, ३/६० पेक्षा कमी असेल किंवा दृष्टीचं क्षेत्र १० अंशांहून कमी असेल तर माणूस अंध ठरतो. त्याच्या अलीकडचा, ६/१८ पर्यंतचा टप्पा अल्पदृष्टीचा. ही क्षेत्राची अट समजून घ्यायला हवी, कारण गैरसमज तिथेच होतात. ज्याला नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढंच दिसतं, तो माणूस वर्तमानपत्राचा मथळा वाचतो आणि पायाजवळच्या बादलीला अडखळून पडतो. घरचे म्हणतात सोंग करतोय, बसचा कंडक्टर म्हणतो तुम्हाला तर दिसतंय. अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तो दुसऱ्याच कोणीतरी सायबर कॅफेत बसून भरलेला असतो. जिल्हा शल्यचिकित्सकांचं कार्यालय अलिबागला. पेण ओलांडून पुढे जायचं, सोबत कोणीतरी घ्यायचं, म्हणजे दोघांचा दिवस मोडतो.

दुसरी पायरी चालण्याची. पांढरी काठी हातात दिली म्हणजे चालता येत नाही. काठीची उंची साधारण छातीच्या हाडापर्यंत हवी. डावं पाऊल पुढे पडताना काठीचं टोक उजवीकडे टेकायला हवं आणि उजवं पडताना डावीकडे. म्हणजे जिथे पुढचं पाऊल पडणार ती जागा आधी काठीने पाहिलेली असते. सोबत्याने दृष्टिहीनाचा हात ओढायचा नसतो. दृष्टिहीनाने सोबत्याचं कोपर धरायचं असतं, म्हणजे पायरी आली की ती कोपराच्या हालचालीतून कळते. गॅसची शेगडी, धारदार सुरी, भाताचं पाणी हे सगळं नव्याने शिकावं लागतं आणि शिकता येतं. शिकवणारी माणसं आहेत, पण ती मुंबई-पुण्या-नाशकात एकवटलेली. वाडीवरच्या माणसाला ती आहेत हेच ठाऊक नसतं.

परिणाम घराघरांत दिसतो. भिंतीजवळ एक खुर्ची, तिच्यावर बसलेला माणूस, आणि त्याच्या वतीने बोलणारं सगळं घर. ती बाई असेल तर खुर्चीसुद्धा आतल्या खोलीत असते. २०११ च्या जनगणनेत देशात ५० लाखांहून अधिक आणि महाराष्ट्रात पावणेसहा लाखांच्या घरात माणसांची ‘दृष्टी’ या सदरात दिव्यांग म्हणून नोंद झाली. त्यांतले किती जण त्या खुर्चीवरून उठले, हे कुठल्याच रकान्यात येत नाही.

गाडीतला बाजार

उठलेली माणसं बघायची तर लोकलमध्ये चढावं. दिव्यांगांच्या डब्यात आणि बाहेरच्या डब्यांतही ती असतात: मोबाइलची कव्हरं, चावीच्या साखळ्या, कार्डाची पाकिटं, शेंगदाण्याच्या चिक्क्या विकणारी. मुख्य मार्गावर बदलापूरच्या पुढे वांगणी हे गाव दृष्टिहीनांच्या वस्तीसाठीच ओळखलं जातं. मुंबईत भाडं परवडत नाही आणि धंदा गाडीत, म्हणून स्टेशनला चालत पोचता येईल अशा स्वस्त खोल्यांत शेकडो कुटुंबं तिथे स्थिरावली. एकाने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने लग्न करून बायकोला आणलं, शेजारी नव्याला वाट शिकवू लागले. कोणत्याही संस्थेच्या आराखड्यात नसलेलं हे पुनर्वसन केंद्र दृष्टिहीनांनी स्वतःच उभं केलं.

गाडीतला धंदा कायद्याने गुन्हा आहे. रेल्वे कायद्याचं कलम १४४ फेरीवाल्यांना सोडत नाही आणि दृष्टिहीनासाठी त्यात वेगळी वाट नाही. त्यामुळे माल जप्त होणं आणि दंड भरणं हा धंद्याचा खर्च म्हणूनच धरावा लागतो. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या, तेव्हा या कुटुंबांचा बाजार एका रात्रीत बंद झाला.

नोटांची गोष्ट मला इथे विस्ताराने सांगायची आहे. नेतृत्वाचा प्रश्न पोटाशी कसा येऊन भिडतो ते तिच्यातून कळतं. जुनी शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती आणि पाचशेची १६७. बोटांच्या पेरांवर धरली की फरक कळायचा. नोटबंदीनंतरच्या मालिकेत शंभराची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० मिलिमीटर झाली. रुंदी तिन्हींची सारखीच, ६६. चार मिलिमीटरचा फरक, घामेजल्या हाताने, हलत्या गाडीत, गिऱ्हाईक उतरायच्या घाईत असताना ओळखायचा. पाचशेची म्हणून दोनशेची टेकवणारे आणि सुटे घेऊन उतरणारे महाभाग असतातच. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे आपली ‘नॅब’, हा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये नोट ओळखणारं ‘मनी’ हे अ‍ॅप आणलं. फोन काढायचा, अ‍ॅप उघडायचं, नोट उजेडात धरायची. तोवर गाडी मानसरोवर सोडून गेलेली असते.

या अडचणीतून बऱ्याच जणांची सुटका केली ती भलत्याच यंत्राने, क्यूआर कोडबरोबरच्या बोलणाऱ्या डबीने. गळ्यात कोड, पिशवीत डबी. पैसे आले की ती रक्कम मोठ्याने सांगते. दुकानदाराच्या सोयीसाठी काढलेली ही वस्तू दृष्टिहीन विक्रेत्याला फसवणुकीपासून वाचवते. नोटांची मापं ठरवणाऱ्या टेबलाशी रोज नोटा चाचपणारं एखादं माणूस बसलेलं असतं, तर ते चार मिलिमीटर तिथेच अडले असते, असं मला ठामपणे वाटतं.

आणखी एक आठवण वांगणीचीच. १७ एप्रिल २०२१ ला वांगणीच्या फलाटावरून एका दृष्टिहीन आईचं मूल रुळांवर पडलं. समोरून एक्स्प्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके धावले, मुलाला वर ढकललं, स्वतः चढले आणि गाडी गेली. तो माणूस खराच शूर, आणि मिळालेल्या बक्षिसातला अर्धा वाटा त्याने त्या मुलाला दिला. सगळ्या देशाने ते चित्रीकरण पाहिलं. त्यात आईचे हातही दिसतात, कडा शोधणारे. फलाटाची कडा पायांना आधी कळावी यासाठी काय हवं, कुठे हवं, हे त्या आईला विचारायला हवं होतं.

खुर्चीचा इतिहास

पश्चिम भारतात दृष्टिहीनांच्या शिक्षणाची सुरुवात मिशनऱ्यांनी केली. अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत शाळा काढली. आजची दादरची कमला मेहता अंध मुलींची शाळा ती हीच. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील याच शाळेत शिकल्या. लोकसेवा आयोगाची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या तरी पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन रेल्वेने त्यांना नाकारलं. त्यांनी परीक्षा पुन्हा दिली, आयएएस झाल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या.

नॅबची स्थापना १९५२ ची. तिच्या उभारणीत मुंबईच्या उद्योगपतींचा आणि दात्यांचा मोठा हात होता. क्रिकेटपटू विजय मर्चंट त्यांतले आघाडीचे. रणजी सामन्यांत ९८.७५ ची सरासरी ठेवणारा हा माणूस निवृत्तीनंतर दृष्टिहीनांच्या नोकऱ्यांसाठी कारखानदारांची दारं ठोठावत राहिला. त्या पिढीचं ऋण मोठं आहे. कार्यशाळा, खुर्च्या विणणं, सुटे भाग जोडणं, टेलिफोन ऑपरेटरच्या जागा हे सगळं त्यांनी मिळवून दिलं. पण आश्रयदात्याच्या शब्दावर मिळालेली नोकरी आश्रयदात्याबरोबर आणि तंत्राबरोबर जाते. गिरण्या गेल्या, टेलिफोनचे बोर्ड आपोआप चालू लागले, मोबाइल आला तशी एसटीडी-पीसीओची टपरी गेली.

१९७० मध्ये दिल्लीत नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड उभी राहिली. जवाहरलाल कौल आणि त्यांचे सहकारी स्वतः दृष्टिहीन होते. ते मागणी घेऊन रस्त्यावर आले. १६ मार्च १९८० रोजी दिल्लीत त्यांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. पुढे याच संघटनेचे सरचिटणीस, दृष्टिहीन ज्येष्ठ वकील एस. के. रुंगटा यांनी आरक्षणाचा खटला लढवला. ८ ऑक्टोबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांगांच्या तीन टक्के जागा केवळ निवडक पदांवर नव्हे, तर एकूण रिक्त जागांवर मोजायला सांगितल्या. २०१६ च्या कायद्याने ते प्रमाण चार टक्के केलं आणि त्यातला एक टक्का अंध व अल्पदृष्टीसाठी ठेवला. ३ मार्च २०२५ च्या निकालाने न्यायाधीशपदाचं दारही उघडलं. दात्यांच्या संस्थांनी माणसं जगवली. दृष्टिहीनांच्या हाती आलेल्या संघटनेने नियम बदलले.

नवं नेतृत्व म्हणजे आपोआप चांगलं, असं मात्र समजू नये. त्याचा सगळ्यात बोलका पुरावा पॅरिसचा. तिथल्या अंधशाळेत शिकणाऱ्या लुई ब्रेलने पंधराव्या वर्षी सहा टिंबांची लिपी तयार केली. मुलं ती झपाट्याने शिकली. १८४० मध्ये शाळेला नवा संचालक मिळाला, प्येर-आर्माँ द्यूफो. टिंबांची लिपी डोळसांना वाचता येत नाही, शिक्षकांना तपासता येत नाही, म्हणून त्याने ती बंद केली आणि उठावदार रोमन अक्षरं पुन्हा आणली. पुस्तकं जाळली गेली. मुलं लपूनछपून टिंबं टोचत राहिली. अखेर सहायक ग्वादे याने संचालकाचं मन वळवलं, पण फ्रान्सने ती लिपी अधिकृत केली १८५४ साली, ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. द्यूफो दुष्ट नव्हता. त्याला स्वतःला काय वाचता येतं यावरून त्याने मुलांना काय वाचता येईल ते ठरवलं.

आपली भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली. त्यापूर्वी देशात वेगवेगळ्या संकेतांचा गोंधळ होता. तो सोडवणाऱ्यांत गॅलिपोलीच्या लढाईत दृष्टी गमावलेले सर क्लूथा मॅकेन्झी होते आणि शिक्षण मंत्रालयातले दृष्टिहीन अधिकारी लाल अडवाणीही होते. रोज बोटांनी वाचणारी माणसं निर्णयात होती, म्हणून ती लिपी टिकली.

बदल अर्ज

आता अगदी कोरड्या वाटणाऱ्या, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाच्या जागी जाऊ. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाचे विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो, बदल झाल्यापासून ९० दिवसांत. सगळे याला चेंज रिपोर्ट म्हणतात. ठराव, सभेची नोटीस, ती मिळाल्याच्या सह्या, नव्यांचं संमतीपत्र, जुन्यांचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, शपथपत्र. एखाद्याने हरकत घेतली तर प्रकरण वर्षांमागून वर्षं लांबतं. तोवर कार्यालयाच्या नोंदवहीत, म्हणजे शेड्यूल वनवर, जुनीच नावं राहतात. वारलेले अध्यक्ष कागदावर अध्यक्षच असतात. बँक त्या उताऱ्यावर बोट ठेवून सह्या बदलायला नकार देते.

या रांगेत दृष्टिहीन विश्वस्त उभा राहिला की आणखी एक दार बंद असतं. बँकेच्या खिडकीतून विचारणा होते: अंगठा लावणार का, सोबत साक्षीदार आहे का, जबाबदारी कोण घेणार. रिझर्व्ह बँकेने जून २००८ मध्येच सगळ्या बँकांना बजावलं आहे की दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर यांतलं काहीही नाकारायचं नाही. परिपत्रक आहे, खिडकीवरच्या माणसाच्या मनातली भीती तशीच आहे. त्यामुळे बहुतेक ठिकाणी सोयीचा मार्ग निघतो. दृष्टिहीन व्यक्ती अध्यक्ष आणि सह्या दोन डोळस पदाधिकाऱ्यांच्या. वार्षिक सभेत टाळ्या अध्यक्षांना मिळतात. पैसा कुठे जातो ते ज्यांना चेक दिसतो त्यांना कळतं.

सभेच्या कागदांचंही तसंच. विषयपत्रिका, मागील सभेचं इतिवृत्त, ताळेबंद छापील येतात किंवा स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात व्हॉट्सअ‍ॅपवर. पडदा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला चित्रात काहीच दिसत नाही. मराठीत याहून मोठी अडचण आहे ती जुन्या फाँटची. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, संगणकासाठी मात्र तो असंबद्ध चिन्हांचा ढीग असतो. वाचक-सॉफ्टवेअर तो वाचायला गेलं की कानावर नुसती बडबड पडते. सरकारी अर्ज, पाठ्यपुस्तकं, मासिकं आणि दिवाळी अंकही याच फाँटमध्ये जुळवले जात आले आहेत. हाच लेख दृष्टिहीन वाचकापर्यंत पोचेल की नाही, ते छापखान्यात कोणता फाँट वापरला जातो त्यावर ठरतं. संपादकांना मी तसं कळवलं आहे. अंकाची युनिकोड प्रत ठेवावी ही विनंती इथे जाहीरपणेही करतो.

तोडगा फुकट उपलब्ध आहे आणि तोही दृष्टिहीनांनीच काढलेला. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीए हे वाचक-सॉफ्टवेअर लिहायला घेतलं; त्याचा दृष्टिहीन मित्र जेम्स टे सोबतीला आला. बाजारातलं महागडं सॉफ्टवेअर विकत घेता न येणाऱ्यांना संगणक मिळावा हा त्यांचा हेतू. त्यासाठी त्यांनी ना-नफा संस्था काढली. आज ते सॉफ्टवेअर मराठीही वाचतं. ताळेबंद एक्सेलमध्ये आणि इतिवृत्त युनिकोडमध्ये आठवडाभर आधी मिळालं, तर दृष्टिहीन कोषाध्यक्ष रकाना न् रकाना ऐकतो आणि सभेत आकडे विचारतो.

मग काय बदलतं

सीएसआरचा पैसा हा आज अशा संस्थांचा मोठा आधार. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायला लावले, आणि तळोजा-पाताळगंगा पट्ट्यात अशा कंपन्या पुष्कळ. कंपनीला वर्षअखेरीस संख्या हवी असते. शिबिराची संख्या मोठी दिसते, चष्मेवाटपाची त्याहून मोठी. १५ ऑक्टोबरला, पांढऱ्या काठीच्या दिवशी, काठ्या वाटल्या की छायाचित्रही मिळतं. एका माणसाला घरापासून स्टेशनपर्यंत एकट्याने चालायला शिकवायला मात्र कित्येक आठवडे जातात आणि अहवालात त्याची नोंद ‘एक’ एवढीच होते. डोळस कार्यवाहाला पहिलं काम सोपं वाटणं स्वाभाविक आहे. जो स्वतः त्या वाटेने स्टेशनला गेला आहे, तो दुसऱ्या कामासाठी भांडतो. संस्थेचं अंदाजपत्रक बघा, तिचा कारभार कोणाच्या हाती आहे ते कळतं.

याचे पुरावे आपल्याकडेच आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली डॉ. सॅम तारापोरवाला यांनी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी केंद्र सुरू केलं. ते स्वतः दृष्टिहीन, समाजशास्त्राचे प्राध्यापक. ते केंद्र पुस्तकं वाटण्यावर थांबलं नाही. बँकांच्या नियमांसाठी आणि कॉपीराइटच्या कायद्यासाठी झगडलं. २०१२ च्या दुरुस्तीने पुस्तक ब्रेलमध्ये किंवा ध्वनिरूपात करायला प्रकाशकाची परवानगी मागण्याची गरज संपली. त्याच विषयावरच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये जगात सर्वांत आधी मंजुरी दिली ती भारताने. महाबळेश्वरच्या भावेश भाटिया यांचं उदाहरण वेगळ्या वाटेचं. नजर गेल्यावर ते नॅबमध्ये मेणबत्त्या बनवायला शिकले, त्यांनी त्या हातगाडीवर विकल्या आणि १९९४ मध्ये सनराइज कँडल्स काढली. त्यांनी हजारो दृष्टिहीनांना काम दिलं.

दृष्टिहीन नेतृत्वालाही त्याचे दोष आहेत. संघटना फुटतात, गट पडतात, एकच माणूस तीस वर्षं खुर्ची सोडत नाही. सगळ्यात मोठी उणीव बायकांची. मंचावर दृष्टिहीन पुरुष येऊ लागले, दृष्टिहीन बाई अजून स्वागतगीत म्हणण्यापुरती असते. जन्मतः न दिसणाऱ्यांनी चालवलेल्या संस्थेत चाळिशीत नजर गेलेल्याचं दुःख अनोळखी राहू शकतं, आणि अल्पदृष्टीच्या माणसाला दोन्हीकडचे लोक आपला मानत नाहीत. म्हणून एका व्यक्तीला अध्यक्ष करून भागणार नाही. मंडळात निदान निम्म्या जागा दृष्टिहीनांना आणि अल्पदृष्टींना, त्यांत बायका, आणि चेकवर त्यांच्यापैकी एकाची सही असावी, असं माझं मत आहे. हे कोणत्याही संस्थेला आपल्या घटनेत लिहिता येतं. त्यासाठी कायदा बदलायला नको.

पनवेलला हे तातडीने लागू आहे. राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं केलं. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे आहेत, आणि हे शहर वाढतं आहे म्हणजे ती रक्कमही वाढणार. ती काठ्या-चष्म्यांच्या वाटपात जाणार की चालायला शिकवणारे शिक्षक नेमण्यात, हे ज्या बैठकीत ठरतं तिथे दृष्टिहीन नागरिक हवेत, आणि त्यांच्या हाती आधी पोचलेले, वाचता येणारे कागद हवेत.

रेल्वेचंही तसंच. पनवेल ते कर्जत हा नवा उपनगरी मार्ग उभा राहतो आहे. चिखले, मोहोपे, चौक ही मधली स्टेशनं. वांगणीच्या विक्रेत्याला त्याने कर्जतमार्गे थेट पनवेल गाठता येईल, आणि अंध मुलीला घेऊन खालापूरहून निघालेल्या आईलाही. फलाटावरच्या पिवळ्या खाचांच्या लाद्या बसवताना त्या जिन्यापासून डब्याच्या थांब्यापर्यंत सलग जातात की मध्येच स्टॉलच्या भिंतीला धडकतात, हे नकाशावर कळत नाही. उद्घाटनाच्या आधी काठी घेऊन चालून बघावं लागतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम ऐच्छिक नव्हे, बंधनकारक असायला हवेत असं सांगितलं. पाचही स्टेशनांच्या पाहणी अहवालावर अभियंत्याच्या सहीशेजारी वांगणीतल्या आणि पनवेलमधल्या दृष्टिहीन प्रवाशांची सही घ्यावी. फलाटांच्या लाद्या पक्क्या होण्यापूर्वीच.